लागेल का?

सी बिल्डिंग, तिसरा मजला, जुईली धुमाळ
रविवारी वही घेऊन आली आणि म्हणाली,
मावशी, तुम्ही सिमला ऑफिसात होतात ना,
मग सांगा, माझा नंबर लागेल का?

एकतीस वर्षं हाच प्रश्न ऐकला मी.
फक्त तेव्हा नंबरच्या जागी पाऊस असायचा.
मुंजीवाले विचारायचे, वीटभट्टीवाले,
एकदा तर माझ्या आतेसासूबाई,
गच्चीत पापड घातलेत म्हणून,
सांगलीहून ट्रंक कॉल लावून.

वहीत पट्टीने आखलेले तीन रकाने.
पहिला पळत्याचा. त्यात सहा नावं,
लांबची, बर्फातली,
शंभरातल्या शहाण्णवांना नम्रपणे परत पाठवणारी.
मधला बेताचा.
तिसरा हातचा: फर्ग्युसन. पुढे बारीक अक्षरात, "होईलच".

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,
असं तिची आई म्हणते.
आई पतसंस्थेत रोखपाल. तिथे रोज सहाला हिशोब लागतो,
लागावाच लागतो,
दोन रुपये कमी असले तरी कुणी घरी जात नाही.
वडील शाळेची व्हॅन चालवतात, बिबवेवाडी ते कॅम्प.
ज्या शाळेत ह्या सगळ्यासाठी वेगळ्या मॅडम आहेत
तिच्या फाटकापर्यंत ते रोज चौदा मुलं सोडतात.

मी चष्मा लावला.
चार टक्के, म्हटलं.
बारावीचे मार्क बघून पाच.
मग कळलं, फी माफ झाली तरच जाणार,
तेव्हा तीन.
तिने पेन्सिलीने तीन लिहिले आणि भोवती गोल काढला,
गणिताच्या उत्तराला काढतात तसा.

मी समजावू लागले.
तीन टक्के म्हणजे बघ,
तुझ्यासारख्या शंभर जणींनी अर्ज केला
तर तिघींचं काम होईल.
ती म्हणाली, पण मावशी,
माझ्यासारख्या शंभर आणू कुठून?
मी तर एकदाच आहे.

ह्यावर आमच्या खात्याचं परिपत्रक नव्हतं.

गच्चीवर माझं जुनं पर्जन्यमापक आहे.
तीन वर्षं झाली, त्याचं रीडिंग तीच घेते,
सकाळी साडेआठला, परीक्षेच्या दिवशीही,
जानेवारीतसुद्धा, आभाळ कोरडं ठणठणीत असताना.
शून्य हीसुद्धा नोंद असते, हे मीच शिकवलेलं.
अर्जात लिहिलंस का गं ते?
ती हसली. त्याचं सर्टिफिकेट कुठे मिळतं?
तिने लिहिलं होतं पानशेतच्या शिबिराबद्दल,
दोन दिवसांचं, नेतृत्वगुणांचं,
जिथे तिला बहुतेक वेळ सर्दी होती.

ते खोड, म्हटलं. शून्यांबद्दल लिही.
तिने लिहिलं. दीड पान. वाचताना मला
एका जागी ठसका लागला, पाणी प्यावं लागलं.
तरी खोटं कशाला सांगू,
तीनाचे चार मी केले नाहीत.
माया लावून आकडे वाढवायचे नसतात.
एकाच वर्षी वाढवले होते, कोणाच्या तरी दबावाखाली,
आणि त्या वर्षीचे पेपर अजून माझ्या माळ्यावर आहेत.

निकाल तिथल्या संध्याकाळी सात वाजता,
म्हणजे आपल्या पहाटे साडेचारला.
मार्चअखेर. उकाडा. मला झोप लागली नाही,
वयामुळे असेल.
बाल्कनीत खुर्ची ओढून बसले,
सवयीने घड्याळ बघितलं, सवयीने वर.
वेळ चार एकतीस. आकाश निरभ्र.
वारा पश्चिमेचा, मंद, पर्वतीच्या बाजूने.
सी बिल्डिंग, तिसरा मजला, स्वयंपाकघर:
दिवा लागला.
खिडकीत दोन सावल्या, मग तीन,
मग कोणीतरी पडदा ओढला.

पुढची नोंद नाही.

साडेआठला
गच्चीच्या दाराची कडी वाजली.